नवव्या मजल्याची तक्रार

माझा धाकटा भाऊ पाणीपुरवठा कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे. म्हणजे होता. आता तो मीटर वाचत हिंडतो. ते कसं झालं तेच सांगायला बसले आहे. मधे कुणी थांबवू नका, कारण यात माझीही एक चूक आहे आणि ती मला एका दमात सांगून टाकायची आहे.

आधी त्याच्याबद्दल. वय त्रेचाळीस, अंगाने काटकुळा, खिशात कायम दोन पेनं आणि त्यातलं एक कायम न उठणारं. फोनवर त्याने कधी कुणाला ‘अहो’ सोडून हाक मारली नाही. समोरचा नळावरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असला, तरी हा आपला ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणत राहायचा. घरी मात्र माझ्यावर ‘ए ताई’ म्हणून खेकसतो. तो आणि माझी भावजय वरच्या मजल्यावर राहतात, मी खालच्या. मी पडदे शिवते.

पडद्यांचं सांगणं भाग आहे, कारण माझ्या कामाच्या खोलीत चारही भिंतींना तयार पडदे टांगलेले असतात. जाड अस्तराचे, जाळीचे, मखमलीचे. त्या खोलीत टाळी वाजवली तर आवाज जागच्या जागी मरतो. सहा वर्षांपूर्वी हे धाकट्याच्या लक्षात आलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉप, पंचवीस पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड आणि एक माईक घेऊन तो माझ्याकडे येऊन बसतो. भावजयीची काही हरकत नाही. “तुमच्याकडे वाजतंय तोवर माझ्याकडे शांतता आहे ताई,” असं म्हणून ती मला वरून चहाही पाठवते. मी हेमिंग करते, तो रीमिक्स करतो.

कशाचा रीमिक्स, तर एका जुन्या व्हिडिओ गेमच्या संगीताचा. आम्ही लहान असताना घरी टीव्हीला जोडायचा एक गेम होता. त्यात एक जाडजूड कॅसेट खुपसायची. कॅसेटवर लिहिलेलं नव्व्याण्णव खेळ, आत निघाले सहा, आणि तेच सहा वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा. त्यातला एक शिडीवाला. एक चौकोनी माणूस खांद्यावर शिडी घेऊन नऊ मजल्यांची इमारत चढत असतो आणि खिडक्यांतून लोक त्याच्यावर कुंड्या टाकत असतात. का टाकतात, ते कुणी सांगितलं नाही. प्रत्येक मजल्याची चाल वेगळी. त्या मशीनला एका वेळी तीनच सूर काढता यायचे आणि वर एक खरखर. एवढ्या भांडवलावर कुणीतरी आठ अशा चाली बांधल्या होत्या की कुंडी डोक्यात पडली तरी माणूस पुन्हा खेळायला बसायचा.

धाकटा तेव्हा बारा वर्षांचा आणि मी एकोणीस. पाच महिने तो त्या शिडीवाल्याच्या मागे होता. एका सोमवारी सकाळी तो नवव्या मजल्यावर पोचला. तिथे कुंड्या नव्हत्या. फक्त एक दार होतं. दार उघडू लागलं आणि चढत्या अंगाने तीन सूर वाजले. टी, ट्टी, टीं.

आणि मी प्लग काढला.

मला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं, ब्लाउजला इस्त्री करायची होती आणि खोलीत प्लगची जागा एकच होती. दोनदा सांगितलं होतं त्याला. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, एवढंच. तो रडला नाही. काळ्या पडद्याकडे बघत बसला आणि मग दप्तर घेऊन शाळेत गेला. त्या खेळाला त्याने पुन्हा हात लावला नाही. मला नोकरी मिळाली नाही, हे वेगळंच.

पण ते तीन सूर त्याच्या डोक्यातून गेले नाहीत. पुढची धून काय होती? एकतीस वर्षं त्याचं घोडं तिथेच अडलं होतं. इंटरनेट आलं तेव्हा त्याने तेही पालथं घातलं. कुठल्या तरी देशातल्या एका माणसाने शिडीवाल्याचे आठ मजले टाकलेत, पण नवव्यावर त्याची कॅसेट अडकते. बाकी कुणाला हा खेळ माहीतसुद्धा नाही. धाकट्याने पहिल्या आठ मजल्यांचे आठ तुकडे केले. एकेका तुकड्याला सात-आठ महिने लावले. चालीखाली जाड बास घातला, ठोका संथ केला, आणि त्या जुन्या खरखरीच्या जागी माझी मशीन बसवली. खरंच. अस्तरावर मशीन चालते तेव्हा ढब-ढब येतं, जाळीवर चालते तेव्हा तीच किर्र करते, हे मला तीस वर्षं शिवून कळलं नव्हतं. सहाव्या मजल्याला झिगझॅग टाके आहेत. दर मजल्याच्या शेवटी जे सर्रर्र येतं ते पितळी रिंगांचा पडदा दांडीवर ओढल्याचं आहे. ते मी ओढलंय, एकोणीस वेळा, कारण अठरा वेळा त्याला ते ‘भावनेने’ ओढलेलं वाटलं नाही.

आठ मजले झाले. नववा राहिला. “ताई, तेवढी धून मिळाली ना, की सुटलो मी,” असं तो रोज उठताना म्हणायचा.

आता माझी चूक. प्लग काढला ती नव्हे. ती तर त्याला ठाऊकच आहे.

मुलाखतीत नापास झाल्यावर मी चार महिने घरी होते. आईबाबा कामावर, हा शाळेत. दुपारी करायचं काय? मी शिडीवाला लावला. आधी नुसता बघायला म्हणून. मग पहिला मजला, मग दुसरा. चौथ्या महिन्यात एका दुपारी मी नवव्या मजल्यावर गेले. दार उघडलं, तीन सूर वाजले, आणि मी पुढची धून ऐकली. घरात खेळणारा तो, गाणारा तो, आणि मी ती ‘तुला यातलं काय कळतंय’वाली. आणि शेवट ऐकला मी! त्याला सांगायला तोंड उघडलं होतं हो मी. तो शाळेतून आला, दप्तर टाकलं, टीव्हीकडे पाठ करून बसला. मी मूग गिळले ते गिळलेच. पुढे घर बदलताना ती कॅसेट भंगारात कुणी घातली? मीच.

आणि खरं सांगू? ती धून काही खास नाही. तीन सुरांनंतर पाच सूर उतरत येतात आणि शेवटी तो खेळ ‘फुस्स’ करतो. शिडीवाला शिडी खाली ठेवतो आणि बसतो. संपलं. माणूस यासाठी एकतीस वर्षं झुरतोय हे बघून माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा. सांगावं तर तो हिरमुसणार. आणि सुटला की संध्याकाळी यायचा बंद होणार, हेही मनात होतं. हे मी आत्ता पहिल्यांदाच सांगतेय.

तर असं काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललं होतं. त्यातच कार्यालयात नवी टेलिफोन यंत्रणा आली. पूर्वी फोन थांबवून ठेवला की टुंक-टुंक वाजायचं. आता त्यात हवं ते संगीत घालता येणार होतं. साहेब धाकट्याला म्हणाले, “काहीतरी शांत टाका.” धाकट्याने शिडीवाला टाकला.

त्या कार्यालयात फोन केला की अकरा मिनिटं थांबावं लागतं, कारण तक्रार घ्यायला नोंदणीबाई एकट्या. त्या प्रत्येक तक्रार आधी वहीत लिहितात आणि मग तीच बघून कॉम्प्युटरवर लिहितात. आठ मजलेही बरोब्बर अकरा मिनिटांचे. नवव्याला तीन सूर, मग शांतता, मग पुन्हा पहिला मजला.

पहिल्या आठवड्यात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात नोंदणीबाईंनी फोन उचलला तर समोरचा गृहस्थ म्हणाला, “अहो, थांबा! सातव्यावर आहे.” मग हे वाढतच गेलं. लोक विचारू लागले की आज गर्दी आहे ना, म्हणजे पूर्ण ऐकायला मिळेल ना. फोन लवकर उचलला की चिडायचे. एका बाईंनी तर नोंदणीबाईंना बजावलं, “तुम्हाला काही कामं नाहीत का? सारख्या मधे येता!” गळक्या पाइपाखाली बादली लावून, शेजारी फोन स्पीकरवर ठेवून लोक आठही मजले ऐकायचे, समाधानाने फोन ठेवायचे आणि बादली बदलायला जायचे. पाणी कुणाच्याच नळाला नीट नव्हतं, पण महिनाअखेर वहीत तक्रारी किती? शून्य.

वरच्या कार्यालयाने साहेबांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं. साहेबांनी ते काचेखाली ठेवलं आणि आठ दिवस कुणाला त्या काचेवर चहाचा कप ठेवू दिला नाही.

मग पहिली तक्रार आली. एका निवृत्त शिक्षकांनी लेखी अर्ज दिला. ‘आपल्या दूरध्वनीवरील नववा मजला अपूर्ण आहे. दार उघडते व काहीच होत नाही. वृद्ध माणसाने रोज इतके चढून जाऊन हात हलवीत परत यावे, हे शोभत नाही. कृपया तातडीने दखल घ्यावी.’ नोंदणीबाईंनी तो वहीत लिहिला. मग कॉम्प्युटरवर लिहिला. त्याला क्रमांक पडला. आणि त्या कार्यालयाचा नियम असा की क्रमांक पडलेल्या तक्रारीचं निवारण सात दिवसांत करायचं, नाहीतर साहेबांनी वर जाऊन खुलासा द्यायचा.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कागद इंजिनिअरकडे पाठवला. इंजिनिअर फाइल पुरती वाचत नाही. त्याने शेरा मारला: ‘दाब कमी असल्याने आठव्या मजल्याच्या वर पाणी चढत नाही.’ साहेबांनी खुशीत तोच खुलासा वर पाठवला. तो तिसऱ्या दिवशी परत आला. वरच्यांनी लाल पेनाने लिहिलं होतं: ‘पाण्याचा प्रश्न नाही. धून कुठे आहे? पुन्हा सादर करा.’ म्हणजे वरचेही फोन लावून ऐकत होते.

तोवर असे अर्ज सेहेचाळीस झाले. आणि वर बसलेल्या कुणाच्या तरी लक्षात आलं की पाण्याची एकही तक्रार नसेल, तर तक्रार कक्ष हवाच कशाला? हुकूम निघाला. महिनाअखेर कक्ष बंद. पुढे ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणणारी यंत्रणा येणार, आतलं सगळं पुसलं जाणार, ऑपरेटरची बदली मीटरवर. मात्र प्रलंबित तक्रारी मिटवूनच कक्ष बंद करावा.

“मीटर तर मीटर,” धाकटा मला म्हणाला. “पण ताई, यंत्रणेत लोकांचे आवाज आहेत. थांबलेले असताना सगळं रेकॉर्ड होतं, माहितीये? तीन सूर वाजतात, पुढे शांतता होते, आणि लोक स्वतःच गुणगुणतात! जो तो आपला शेवट लावतो. मी सगळे ऐकतोय. कुणीतरी खराच शेवट ऐकलेला असेल. एखादा तरी.”

रेकॉर्ड होतं, हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातातली सुई अस्तरात राहिली ती राहिलीच.

कारण मी रोज फोन करत होते. सुरुवात नळावरूनच झाली. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला दोन महिने करंगळीएवढी धार येत होती. भावाला काय सांगायचं, तो ऑपरेटर. म्हणून रीतसर फोन लावला आणि थांबले. शिडीवाला वाजायला लागला. मग नळाचं राहिलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी फोन लावायचे, स्पीकरवर ठेवायचे आणि शिवत बसायचे. नवव्या मजल्याला ते तीन सूर लोंबकळत राहिले की मला राहवायचं नाही. उसवलेली शिवण दिसली की माझा हात जातोच, तसं ते. मी पुढचे पाच सूर गुणगुणायचे. आणि फुस्ससुद्धा करायचे, तोंडाने.

रेकॉर्ड होतं हे कळल्यावरही माझी अकरा-दहाची सवय काही सुटली नाही. तीन दिवसांनी धाकटा धावतच आला. साडेसहासुद्धा झाले नव्हते. “मिळाली! ऐक.”

त्याने लॅपटॉप लावला. तीन सूर. मग एक बाई, न अडखळता, पाच सूर उतरली. मग फुस्स.

“रोज अकरा-दहाला येतो हा फोन,” तो म्हणाला. “बावीस दिवस. बावीसही वेळा तेच सूर, एक इकडचा तिकडे नाही! बाकीचे लोक रोज वेगळं गुणगुणतात. हिला माहितीये, ताई. आणि ती शेवटी श्वास कशी सोडते बघ. काय समज आहे!”

माझी पाचावर धारण बसली होती. मागे माझी मशीन घरघरत होती, स्पष्ट ऐकू येत होती. पण ती मशीन त्याच्या संगीतातही आहे ना! त्याला वाटलं, ती त्याचीच आहे. आणि माझा आवाज त्याने ओळखावा तरी कसा? मी कधी गातच नाही. गाणारा तो, ही वाटणी लहानपणीच झाली होती.

“कुणाचा नंबर आहे?” मी विचारलं. चोराच्या मनात चांदणं.

“नंबर नाही दिसत यात, नुसती वेळ दिसते. पण उद्या अकरा-दहाला मी नोंदणीबाईंकडे पाठवणारच नाही फोन. मीच घेणार. साहेबसुद्धा येऊन उभे राहणार आहेत. एकदा बोलायचंय तिच्याशी. कुठे ऐकलं, कधी ऐकलं, दार उघडल्यावर आत काय होतं...” बोलता बोलता तो थांबला. चष्मा काढून शर्टाला पुसू लागला. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, आणि तोंड अगदी त्या सोमवारसारखं. “खरंच होती ना ती धून. मला कधी कधी वाटायचं, मीच बनवली की काय मनाने.”

दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फोन शिवणाच्या टोपलीत, चिंध्यांच्या खाली ठेवला. दोन्ही संध्याकाळी तो आला, कीबोर्ड उघडलासुद्धा नाही, पडद्यांकडे बघत बसला आणि लवकर वर गेला. “बाई आजारी असेल,” एवढंच म्हणाला. तिसरा दिवस महिन्याचा शेवटचा. दुपारी बाराला लाइन बंद होणार होती.

सकाळपासून मी एक पडदा तीनदा शिवला आणि तीनदा उसवला. सांगितलं तर एकतीस वर्षांचं खोटं उघडं पडणार. नाही सांगितलं तर तो जन्मभर मीटर वाचताना त्या बाईची वाट बघणार. ती आजारी असेल, ती मेली असेल, असं मनाशी म्हणत राहणार. आणि ती इथे त्याच्या पायाखालच्या मजल्यावर जिवंत, धडधाकट, पडदे शिवत बसलेली! मला माझीच इतकी चीड आली की काय सांगू. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी चिंध्या उपसल्या आणि फोन लावला.

एका घंटेत उचलला गेला.

“नमस्कार, पाणीपुरवठा तक्रार कक्ष. बोला.”

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

“बाई, रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन करणाऱ्या आपणच का?”

“हो,” मी म्हटलं.

पलीकडे आवाज थांबला. त्या एका ‘हो’ने त्याने ओळखलं, हे मला कळलं. मागे नोंदणीबाईंची कुजबुज चालली होती आणि साहेब म्हणत होते, “फॉर्म भरा, आधी फॉर्म भरा.” स्पीकरवर सगळे ऐकत होते.

“आपली तक्रार काय आहे?” धाकट्याचा आवाज अगदी कार्यालयीन होता.

“तक्रार माझ्याबद्दलच आहे. मी एकदा प्लग काढला होता.”

“कारण?”

“इस्त्री करायची होती.”

“साधारण किती दिवस झाले?”

“एकतीस वर्षं.”

मागून साहेब म्हणाले, “मुदत उलटलीय. पण घ्या, घ्या.”

“त्यानंतर काही घडलं?”

“मग मी तो खेळ खेळले. चार महिने, दुपारचा. तू... तुम्ही शाळेत असताना. नवव्या मजल्यावर गेले आणि शेवट ऐकला. सांगितलं नाही. कॅसेटसुद्धा मीच भंगारात दिली.”

पेन कागदावर चालल्याचा आवाज येत होता. मग थांबला. न उठणारं पेन घेतलं असणार.

“का नाही सांगितलं?”

“आधी लाज वाटली. मग उशीर झाला. मग भीती वाटायला लागली.”

“कसली?”

हा प्रश्न काही त्यांच्या फॉर्मात नसणार. मी तरी उत्तर दिलं. “धून मिळाली की संध्याकाळी कोण येणार माझ्याकडे?”

पलीकडे साहेबांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. फॉर्मचं नाव त्यांनी काढलं नाही.

“आणि आधीच सांगते,” मी म्हटलं, “ती धून काही खास नाहीये. अपेक्षा ठेवू नका.”

“ते आम्ही बघू,” धाकटा म्हणाला. “आपण म्हणा.”

मी उभी राहिले. का उभी राहिले, देव जाणे. तीन सूर म्हटले, मग पाच म्हटले, आणि फुस्स केलं. आवाज कापरा आला, पण सूर चुकला नाही.

“एवढंच?” साहेब.

“एवढंच,” धाकटा त्यांना म्हणाला. मग मला म्हणाला, “आपली तक्रार नोंदवली आहे. क्रमांक सत्तेचाळीस. कृपया लाइनवर थांबा.”

आणि त्याने मला थांबवून ठेवलं. पहिल्या मजल्याची चाल सुरू झाली.

मी आठही मजले थांबले. अकरा मिनिटं, उभ्याने, हलले नाही. झिगझॅगचा मजला गेला, रिंगांचं सर्रर्र गेलं, दार उघडलं, तीन सूर वाजले. पुढे कुणी काही बोलेल म्हणून कान लावून राहिले. शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून आठवा, पुन्हा शांतता, असं आणखी तीनदा झालं, आणि बाराच्या ठोक्याला लाइन बंद झाली.

ती दुपार कशी गेली ते विचारू नका. साडेसहा वाजले, तो आला नाही. पावणेसात झाले. भावजयीने चहा पाठवला तो एकाचा. मी मनाशी म्हटलं, बाई गं, भोग आता आपल्या कर्माची फळं. मशीनवर बसले आणि समोर आला तो पडदा शिवायला घेतला. शिवणीच्या मध्यावर होते तेव्हा दार ढकलून धाकटा आत आला. हातात लॅपटॉप, एका काखेत कीबोर्ड, दुसऱ्या काखेत माईक. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ भिंतीपाशी गेला, खाली वाकला आणि माझ्या मशीनचा प्लग काढला.

मशीन मधेच बंद पडली. अर्धा टाका वर, अर्धा खाली.

“फिट्टंफाट,” तो म्हणाला.

मग त्या जागी त्याने आपला प्लग लावला, रोजच्या स्टुलावर बसला आणि माईक माझ्या तोंडापुढे धरला. “म्हण. आणि घाबरल्यासारखं नको, रोज अकरा-दहाला म्हणायचीस तसं.”

“तुला... धून कशी वाटली रे?” मी विचारलं.

“भिकार आहे,” तो म्हणाला. “पण तीच आहे. म्हण आता. आणि पाणीपुरवठ्याला फोन केलास म्हणजे नळाला पाणी नाही, ते मला सांगितलं नाहीस ना, त्याची वेगळी तक्रार घेणार आहे मी.”

मी म्हटलं. पाच सूर त्याने पहिल्याच वेळी घेतले. फुस्सवर मात्र अडून बसला. एकदा जास्त लांबलं, एकदा त्यात भावना नव्हती, एकदा म्हणे थुंकी आली. बारा वेळा केलं मी. तेराव्या वेळी मी इतकं जीव तोडून केलं की त्यालाच हसू फुटलं. तोंड दाबून धरलं तरी नाकातोंडातून निसटलंच, आणि ते माईकमध्ये गेलं. नवव्या मजल्याच्या शेवटी आता जे फुस्स आहे ते माझं नाही, त्याचं आहे.

सेहेचाळीस अर्जांना साहेबांनी ‘निवारण झाले’ असा शिक्का मारला. धाकटा आता मीटर वाचून साडेपाचलाच मोकळा होतो, त्यामुळे सहालाच येतो. त्या कॅसेटवर अजून पाच खेळ होते, म्हणतो. तो अर्धवट राहिलेला पडदा पुरा करून गिऱ्हाइकाला मी दुसऱ्या दिवशी दिला.